पौंड, किलो आणि पारा

डॉक्टर रक्तदाब सांगतात तो पाऱ्याच्या मिलिमीटरांत. टायरमध्ये हवा भरणारा मुलगा नळी हातात घेऊन विचारतो, "किती पौंड?" स्वयंपाकघरातील कुकरची शिट्टी वाजते ती आत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो इतका जादा दाब साठल्यावर. वेधशाळेच्या पत्रकात बंगालच्या उपसागरातील वादळाचा दाब हेक्टोपास्कलांत दिलेला असतो, आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राच्या पुस्तिकेत तोच दाब मेगापास्काल या नावाने भेटतो. एका कुटुंबाच्या एका दिवसात दाबाची ही पाच मापे येऊन जातात. मोजावयाची राशी मात्र एकच : एखाद्या पृष्ठभागाच्या ठराविक क्षेत्रावर किती जोर पडतो आहे.

एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करणे ही वरवर पाहता केवळ गुणाकाराची बाब वाटते. कोष्टकातून एक आकडा घ्यावा, गुणावे आणि मोकळे व्हावे. परंतु व्यवहारात चूक होते ती गुणाकारात क्वचितच. हा आकडा कोणत्या मापातला, तो कशाच्या वरचा आणि तो किती काटेकोर असावयास हवा, हे तीन प्रश्न विचारावयाचे राहून जातात आणि तेथे घोटाळा होतो. हे तीन प्रश्न समजून घेण्यास बंगळूर शहरासारखे सोयीचे ठिकाण दुसरे क्वचितच मिळेल. कारण या शहराला हवेचा दाबच मुळी आपल्या किनारपट्टीपेक्षा निराळा लाभलेला आहे.

पास्कालचा डोंगर आणि बंगळूरचे पठार

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर, म्हणजे ३,००० फूट उंचीवर वसले आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांना विजापूर दरबाराकडून जहागिरीत मिळाले, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. शहाजीराजांचा परिवार या पठारावर नांदत होता त्याच दशकात, १६४३ च्या सुमारास, इटलीत टॉरिचेल्लीने एका टोकास बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरली आणि पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. नळीतला पारा थोडा उतरला आणि सुमारे ७६० मिलिमीटर उंचीवर स्थिर राहिला. भांड्यातील पाऱ्यावर बाहेरची हवा भार घालते आणि तो भार नळीतल्या पाऱ्याला तोलून धरतो, असा याचा अर्थ होता. हवेला वजन असते, हे अशा रीतीने डोळ्यांना दिसले.

मग प्रश्न आला, उंचावर गेल्यास डोक्यावरची हवा कमी होईल. तेव्हा पाराही उतरेल काय? फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कालने हा प्रयोग आपल्या मेहुण्याकडून करविला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोरँ पेरिए हा पुय-द-दोम नावाचा डोंगर चढून गेला. पायथ्याच्या गावी ठेवलेल्या नळीपेक्षा शिखरावरील नळीत पारा तीन इंचांहून थोडा अधिक खाली उतरलेला त्याला आढळला. ती चढण सुमारे १,००० मीटरची होती.

बंगळूर जवळजवळ तेवढ्याच उंचीवर आहे. म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावरची पाऱ्याची नळी बंगळूरला आणली, तर तीतही पारा सुमारे तीन इंचांनीच उतरतो. पेरिएने एका दिवसाच्या चढणीनंतर जो फरक पाहिला, तो बंगळूरकर जन्मभर सोबत बाळगतात. या शहरी हवेचा दाब सरासरीने सुमारे ९१० हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ६८३ मिलिमीटर किंवा २६.९ इंच इतका असतो. समुद्रसपाटीवरचा प्रमाण दाब १,०१३.२५ हेक्टोपास्कल, ७६० मिलिमीटर किंवा २९.९२ इंच आहे. दर चौरस सेंटिमीटरला मुंबईत एक किलोग्रॅमहून किंचित अधिक हवा भार घालते, तर बंगळूरला सुमारे ९३० ग्रॅम. या शंभर ग्रॅमच्या फरकाचा परिणाम चुलीवरही दिसतो : बंगळूरला उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९७ अंश सेल्सियसलाच उकळू लागते, आणि डाळ शिजण्यास त्या मानाने अधिक वेळ घेते.

एका चौरस इंचाचे गणित

आता मापांकडे वळू. 'पौंड' म्हणून टायरवाला जे म्हणतो, ते पूर्ण नाव नव्हे. त्याला म्हणावयाचे असते दर चौरस इंचावर पौंड. तसेच कुकरचा 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किलोग्रॅमभार. बोलण्यात क्षेत्र गळून पडते आणि केवळ वजन शिल्लक राहते. रूपांतर चुकण्याचे पहिले कारण हेच होय. एक किलो म्हणजे २.२०४६ पौंड, हे आपण बाजारात शिकलो आहोत. त्यावरून कोणी १ किलो दाब म्हणजे २.२ पौंड दाब असे समजला, तर तो साडेसहापट चुकेल.

खरे गणित असे आहे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून एक चौरस इंचात ६.४५१६ चौरस सेंटिमीटर मावतात. त्या प्रत्येकावर १ किलोचा भार असेल, तर साऱ्या चौरस इंचावर ६.४५१६ किलो भार पडला. त्याला २.२०४६ ने गुणले की १४.२२ पौंड येतात. म्हणून दर चौरस सेंटिमीटरला १ किलो म्हणजेच दर चौरस इंचाला १४.२२ पौंड. टायरमध्ये ३२ पौंड हवा असेल, तर ३२ ला १४.२२ ने भागावे, उत्तर २.२५ किलो येते. तोंडी हिशेबासाठी पौंडांना ७ ने गुणून शंभराने भागावे : ३२ साता दोनशे चोवीस, म्हणजे २.२४ किलो. टायरपुरती इतकी जवळीक पुरेशी आहे.

शास्त्रज्ञांना मात्र 'किलोग्रॅमभार' हे माप फारसे पसंत नाही. किलोग्रॅम हे वस्तुमानाचे माप, आणि तिचे वजन पृथ्वीच्या ओढीवर अवलंबून. ती ओढ सर्वत्र अगदी सारखी नसते. म्हणून जोराचे माप न्यूटन, आणि एक चौरस मीटरवर एक न्यूटन इतक्या दाबास पास्काल असे नाव देण्यात आले. १९७१ साली भरलेल्या वजने व मापे यांच्या चौदाव्या सर्वसाधारण परिषदेने हे नाव स्वीकारले. पास्काल हे फारच लहान माप आहे. शंभर ग्रॅम पिठाची एक चौरस मीटर सतरंजीवर सारखी पखरण करावी, तेव्हा कोठे त्या सतरंजीवर एक पास्काल दाब पडेल. म्हणून व्यवहारात त्याची शंभरपट म्हणजे हेक्टोपास्कल, हजारपट म्हणजे किलोपास्काल आणि दहा लाखपट म्हणजे मेगापास्काल वापरतात. एक लाख पास्कालांना बार असे सुटसुटीत नाव आहे. जुन्या हवामानपत्रकांतील मिलिबार आणि आजचा हेक्टोपास्कल हे तंतोतंत एकच; बदलले ते फक्त नाव.

कावेरी चढते ती किलोंनी

दशमान पद्धतीचा सोपेपणा सर्वांत चांगला दिसतो तो पाण्याच्या बाबतीत. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणून दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब देतो. त्यासाठी कोष्टक लागत नाही. हेच इंग्रजी मापात करावयाचे तर घनफुटाला ६२.४ पौंड हा आकडा पाठ हवा, त्याला १४४ चौरस इंचांनी भागावयास हवे, आणि मग दर फुटामागे ०.४३३ पौंड हे उत्तर हाती येते.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या पिढीतील अभियंत्यांनी सारी धरणे याच दुसऱ्या हिशेबाने बांधली. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात बी. ए. होऊन ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी पुण्यास आले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत शिरले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली त्यांनी योजिलेले स्वयंचलित दरवाजे बसविण्यात आले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. दरवाजाच्या प्रत्येक चौरस फुटावर पाणी किती रेटा देईल याचा हिशेब अचूक असल्याखेरीज अशी रचना साधत नाही. आणि तो हिशेब पौंडांत केला म्हणून कमी अचूक झाला, असेही नाही. माप कोणतेही असो, ते शेवटपर्यंत एकच राखले तर चुकीस वाव राहत नाही.

बंगळूरला आज कावेरीचे पाणी मिळते त्याची कथाही दाबाचीच आहे. ही योजना १९७४ साली प्रथम कार्यान्वित झाली. सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून, आणि शहरापेक्षा सुमारे ५०० मीटर खालून, पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवावे लागते. आपल्या सोप्या नियमाने पाहा : ५०० मीटर म्हणजे एकूण ५० किलो दाब, पौंडांत ७११. नळातील घर्षणामुळे लागणारा जोर तो वेगळाच. बंगळूरच्या घरी तोटीतून पडणाऱ्या प्रत्येक लिटरमागे एवढ्या चढाचे श्रम असतात. हा आकडा ध्यानी ठेवला, तर गळकी तोटी दुरुस्त करण्यास आणखी कारण सांगावे लागणार नाही.

घरातही हा नियम उपयोगी पडतो. धुलाईयंत्र किंवा पाणी शुद्ध करण्याचे यंत्र घेताना पुस्तिकेत 'किमान दाब ०.०३ मेगापास्काल' असे छापलेले आढळते. ०.०३ मेगापास्काल म्हणजे ०.३ बार, म्हणजेच सुमारे तीन मीटर पाण्याचा स्तंभ. यंत्राच्या तोटीपासून गच्चीवरच्या टाकीतील पाण्याची पातळी तीन मीटर, अर्थात दहा फूट, उंच असावयास हवी. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने यंत्र विकत घेण्यापूर्वी एवढे मोजून पाहावे. मागाहून विक्रेत्याला दोष देण्यात अर्थ नसतो.

कशाच्या वरचा दाब?

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. वेधशाळेतील वायुभारमापक दाब मोजतो तो संपूर्ण पोकळीपासून. यास निरपेक्ष दाब म्हणतात. टायरचे, कुकरचे आणि रक्तदाबाचे मापक मात्र बाहेरच्या हवेपेक्षा आत किती अधिक आहे, एवढेच सांगतात. पंक्चर झालेल्या टायरचा मापक शून्य दाखवितो. आत हवा असतेच, पण बाहेरच्याइतकीच.

म्हणूनच मुंबईच्या डॉक्टरांनी १२० व ८० सांगितलेला रक्तदाब बंगळूरच्या डॉक्टरांकडे, केवळ हवेचा भार कमी म्हणून, बदलत नाही. बाहेरचा भार उतरतो तसा शरीराच्या आतलाही उतरतो. फरक तेवढाच राहतो. त्या १२० मिलिमीटरांचे किलोपास्काल करावयाचे तर १६ होतात आणि ८० चे १०.७. पण ही भाषा दवाखान्यात रुळलेली नाही. पारा विषारी असल्यामुळे २०१३ सालच्या मिनामाता करारानंतर जगभर पाऱ्याची उपकरणे मागे पडत चालली आहेत. पारा गेला तरी पाऱ्याचे मिलिमीटर राहिले.

कुकरची गोष्ट निराळी. शिट्टीचे वजन आतील जादा दाब सर्वत्र सारखाच, सुमारे १ किलो, राखते. पण आतील उष्णतामान ठरते ते निरपेक्ष दाबावर, म्हणजे बाहेरचा आणि जादा मिळून जो दाब होतो त्यावर. मुंबईला ही बेरीज सुमारे दोन बार होते आणि आतील वाफ १२० अंशांपर्यंत तापते. बंगळूरला बेरीज सुमारे १.८९ बार, आणि उष्णतामान साधारण ११८.५ अंश. उघड्या पातेल्यात तीन अंशांचा तोटा होता, तो कुकरमध्ये दीड अंशावर आला. पठारावरच्या शहरांत कुकरची चाकरी अधिक मोलाची का, ते यावरून कळेल. एका जातीच्या कुकरवर दुसऱ्या जातीचे जड वजन बसवून ही उणीव भरून काढण्याचा मोह मात्र कोणी करू नये. झाकण, रबरी कडे आणि सुरक्षा-झडप ही सर्व ठराविक दाबासाठीच बनविलेली असतात.

टायरलाही हाच नियम लागू आहे. मुंबईत ३२ पौंड हवा भरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव, धारवाड या मार्गाने गाडी बंगळूरला नेली, आणि उष्णतामान तेच राहिले, तर मापक सुमारे साडेतेहतीस पौंड दाखवील. आतली हवा वाढलेली नसते. बाहेरची विरळ झालेली असते. उलट पठारावरील गारवा पाच-सहा अंशांनी अधिक असेल, तर टायरमधील दाब सुमारे एक पौंडाने उतरतो. म्हणून प्रवासानंतर गाडी थंड होऊ द्यावी आणि मगच हवा तपासावी.

प्राणवायूच्या तबकडीवरील काटा

पहिला प्रश्न, म्हणजे आकडा कोणत्या मापातला हा, किती जिव्हाळ्याचा होऊ शकतो याची प्रचीती २०२१ सालच्या एप्रिल आणि मे महिन्यांत आली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत बंगळूर, पुणे, नागपूर, दिल्ली अशा कितीतरी शहरांत रुग्णालयांत जागा मिळेना, आणि ज्यांनी कधी दाबमापक पाहिला नव्हता अशा कुटुंबांच्या घरी प्राणवायूचे सिलिंडर आले. त्यांवरील तबकड्या एकसारख्या नसतात. काहींवर दर चौरस सेंटिमीटरला किलो, काहींवर बार, तर काहींवर दर चौरस इंचाला पौंड असे आकडे छापलेले असतात.

समजा सिलिंडरची पोकळी १० लिटरची आहे आणि तो १५० किलो दाबापर्यंत भरलेला आहे. त्यातून सुमारे १,५०० लिटर प्राणवायू मिळेल. काटा १०० वर आला. तबकडी किलोंची असेल, तर सुमारे १,००० लिटर शिल्लक आहेत. मिनिटाला ५ लिटर या गतीने ते तीन तास वीस मिनिटे पुरतील. पण तबकडी पौंडांची असेल, तर १०० पौंड म्हणजे केवळ ७ किलो. शिल्लक सुमारे ७० लिटर, आणि वेळ अवघी चौदा मिनिटे. आकडा तोच, काटा त्याच ठिकाणी; पण एका तबकडीपुढे घरातील माणसाने थोडा डोळा मिटण्यास हरकत नाही, आणि दुसरीपुढे त्याने त्याच क्षणी धावावयास हवे.

म्हणून ज्या घरी असा सिलिंडर ठेवण्याचा प्रसंग येईल त्यांनी आकड्यापूर्वी तबकडीवरील बारीक अक्षरे वाचावीत, पूर्ण भरल्याचा आकडा कागदावर लिहून वरच चिकटवावा, आणि पाळीपाळीने जागणाऱ्या प्रत्येकास तो दाखवून ठेवावा. १५० किलो म्हणजे पौंडांत सुमारे २,१३०. हजार पौंडांच्या आसपास काटा आला की सिलिंडर निम्म्याखाली गेला, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ होईल. सिलिंडर बदलण्याची वेळ ही नेहमी काटा तळास जाण्यापूर्वीची असते.

घरगुती गॅसचीही दाबाची दोन टोके आहेत. सिलिंडरच्या आत उष्णतामानाप्रमाणे पाच-सहा किलो दाब असतो, आणि शेगडीपाशी लागतो तो दर चौरस सेंटिमीटरला केवळ ३० ग्रॅम, म्हणजे पौंडाच्या निम्म्याहूनही कमी. मधला दोनशेपटीचा उतार रेग्युलेटर सांभाळतो. तो अधिकृत ठिकाणचा असावा असा आग्रह का धरतात, ते या दोन आकड्यांवरून उमजेल.

दोन टक्के कोठे चालतात?

आता तिसरा प्रश्न. समुद्रसपाटीचा प्रमाण वायुभार १.०१३ बार आहे. एक किलोभार म्हणजे ०.९८१ बार. वायुभार, बार आणि किलो हे तिघे शेजारी इतके लगत राहतात की कामगार मंडळी एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारतात. फरक दोन-तीन टक्क्यांचा. टायरमध्ये त्याने काही बिघडत नाही. मापकाचा काटाच तेवढा इकडेतिकडे असतो.

विमानात मात्र तेच दोन टक्के जिवाशी गाठ घालतात. विमान किती उंचीवर आहे हे उंचीमापक सांगतो, तो बाहेरचा हवेचा दाब मोजूनच. खालील तळावरून त्या वेळचा, समुद्रसपाटीस आणलेला दाब वैमानिकास कळविला जातो आणि तो आपल्या यंत्रावर तो आकडा लावतो. भारतात हा आकडा हेक्टोपास्कलांत देतात, अमेरिकेत पाऱ्याच्या इंचांत. आता एखाद्या वादळी प्रदेशात दाब ९९२ हेक्टोपास्कल असताना इंचांची सवय असलेल्या वैमानिकाने तो २९.९२ असा ऐकला, तर त्याने लावलेला दाब १,०१३ झाला. चूक जेमतेम दोन टक्क्यांची. परंतु समुद्रसपाटीजवळ एका हेक्टोपास्कलामागे सुमारे २७ फूट या हिशेबाने यंत्र सुमारे ५८० फूट अधिक उंची दाखवील. विमान तितके जमिनीच्या जवळ असेल. म्हणूनच आकड्याबरोबर मापाचे नाव उच्चारण्याचा दंडक वैमानिकांत पाळला जातो.

हा धोका अंतराळातही सुटला नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेचे मंगळ हवामान यान मंगळापाशी पोहोचताच नष्ट झाले. जमिनीवरील एका गणनप्रणालीने रेट्याचे आकडे पौंडभारांत दिले होते, आणि पुढच्या प्रणालीने ते न्यूटनांत आहेत असे धरले. एक पौंडभार म्हणजे ४.४५ न्यूटन, तेवढ्या पटीची चूक महिनोन्महिने साचत गेली. पंधरा वर्षांनी, २४ सप्टेंबर २०१४ रोजी, बंगळूरच्या पीण्या भागातील नियंत्रण केंद्रावरून भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत सुखरूप शिरले.

सिमला ऑफिस आणि अण्णा मणी

मापे बदलण्याचे काम केवळ कायद्याने होत नाही. भारताने १९५६ साली वजने व मापे प्रमाणित करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि ऑक्टोबर १९५८ पासून ग्रॅम व किलोग्रॅम बाजारात उतरू लागले. शेर, मण आणि तोळा मागे पडले. तोळा सोनाराच्या पेढीवर तेवढा बोलीत टिकून आहे. तसाच टायरमधील पौंड. रूढ माप हे रूढ शब्दाप्रमाणेच असते. ते चलनातून काढून टाकता येते, पण जिभेवरून सहजासहजी जात नाही.

बदल पचनी पाडण्यास लागतात विश्वासार्ह उपकरणे. या बाबतीत पुणे आणि बंगळूर यांना जोडणारे एक नाव आदराने घ्यावयास हवे. अण्णा मणी या १९४० पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. पुढे इंग्लंडात हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले होते. ते पुढे दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस आणि चौकास लोक अजूनही सिमला ऑफिस असेच म्हणतात. त्या काळी साधी उपकरणेही परदेशांतून येत. मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करविले आणि ती येथेच तयार होऊ लागली. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. निवृत्तीनंतर त्यांनी बंगळूरलाच कार्य चालू ठेवले.

वायुभाराच्या आकड्यावर किती संस्कार करावे लागतात, याचे बंगळूर हेच उदाहरण आहे. १९९९ साली ओरिसाच्या किनाऱ्यावर जे महाचक्रीवादळ आदळले, त्याच्या केंद्रातील दाब सुमारे ९१२ हेक्टोपास्कल अंदाजिला गेला. बंगळूरच्या वायुभारमापकावर जवळजवळ तोच आकडा बारमास, निरभ्र आकाशाखाली दिसतो. तो तसाच नकाशावर मांडला, तर या उद्याननगरीवर कायमचे महावादळ घोंघावत असल्याचे दिसेल. म्हणून प्रत्येक वेधशाळा आपला आकडा समुद्रसपाटीवर आणून मगच नकाशासाठी देते. कोणत्या पातळीपासून मोजले, हे सांगितल्याखेरीज दाबाच्या आकड्यास अर्थ नसतो.

घरासाठी छोटे कोष्टक

वाचकांनी हे कापून कपाटाच्या आतील बाजूस लावून ठेवावे :

१ किलो (दर चौ. सें. मी.) = १४.२२ पौंड (दर चौ. इंच) = ९८.०७ किलोपास्काल
१ बार = १४.५० पौंड = १०० किलोपास्काल
१ पौंड (दर चौ. इंच) = ०.०७०३ किलो = ६.८९५ किलोपास्काल
१ मेगापास्काल = १० बार = १४५ पौंड
१ मिलिमीटर पारा = १.३३३ हेक्टोपास्कल
१ इंच पारा = ३३.८६ हेक्टोपास्कल
१० मीटर पाणी = १ किलो; १० फूट पाणी = ४.३३ पौंड

एक सूचना. उत्तरात मूळ आकड्यापेक्षा अधिक काटेकोरपणा आणू नये. टायरचे '३२ पौंड' हे स्थूल माप आहे, त्याचे २.२४९८ किलो असे रूपांतर छापणे म्हणजे जे मोजलेच नाही ते मोजल्याचा आव आणणे होय. २.२५ लिहावे, आणि पुढे मापाचे पूर्ण नाव लिहावे.

शाळेत जाणाऱ्या मुलांना हे कोष्टक पाठ करावयास लावण्याचे कारण नाही. त्यांना एका चौरस इंचाचा चौकोन कागदावर काढावयास सांगावा, त्यात सेंटिमीटरचे चौकोन किती बसतात ते पाहू द्यावे, आणि १४.२२ हा आकडा त्यांचा त्यांना काढू द्यावा. असा हाताने काढलेला आकडा विसरला तरी पुन्हा काढता येतो.